परभाषा शिकताना मराठी सोबत ठेव

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. निवृत्तीनंतर जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या तीन भाषा निव्वळ हौसेखातर शिकायच्या असे तू ठरवले आहेस आणि त्यासाठी इंग्रजीतली जाडजूड पुस्तकेही आणून ठेवली आहेस, हे वाचून आनंद झाला. मात्र त्या पुस्तकांविषयी थोडे बोलायचे आहे. ती वाईट नाहीत. पण ती ज्यांच्यासाठी लिहिली आहेत त्यांची मातृभाषा इंग्रजी आहे आणि त्यांच्या अडचणी आपल्या अडचणी नव्हेत. तरीही त्या आपण निमूटपणे डोक्यावर घेतो आणि जिथे वाट सरळ होती नेमके तिथेच अडखळतो.

स्पॅनिशचेच घे. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. एवढ्याशा रचनेसाठी ही पुस्तके पानेच्या पाने खर्ची घालतात, कारण इंग्रजी बोलणाऱ्याला तिथे ‘मी’ हाच कर्ता हवा असतो. कॉफीच्या जागी पुस्तके आली की ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ होते, म्हणजे क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदलते, माझ्याप्रमाणे नाही. आणि ‘आवडते’चे ‘आवडतात’ आपण तरी दुसरे कशामुळे करतो? जर्मन माणसाला थंडी वाजते तेव्हा तोही ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणतो, त्यातला ‘मिर’ हा आपला ‘मला’च आहे. जर्मनमध्ये वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाला अनेकवचनी रूपाने संबोधायचे, याचेही आपल्याला नवल वाटू नये.

उच्चारांच्या बाबतीत तर इंग्रजीची मध्यस्थी सरळसरळ नडते. स्पॅनिश ‘त’ म्हणताना जिभेचे टोक दातांना टेकवावे, हवा बाहेर फेकू नये, अशा सूचना वाचून जे साधायचे ते म्हणजे आपला साधा ‘त’. परंतु रोमन अक्षर दिसले की शाळेतली सवय जागी होते आणि ‘तोमाते’चे ‘टोमाटे’ करून आपण मोकळे होतो. याहून मौज ‘च’ची आहे. ‘चार’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चोर’, ‘चूल’ यांतला वेगळा. हा दुसरा ‘च’ म्हणजेच जर्मनमध्ये दहाला म्हणतात त्या ‘त्सेन’चा आरंभ, आणि जपानी ‘त्सु’सुद्धा त्याच जागेवरून निघतो. हिंदी भाषकाला तो मुद्दाम कमवावा लागतो. आपण दोन्ही ध्वनी एकाच अक्षराने लिहितो, त्यामुळे हा ध्वनी आपल्या तोंडात जन्मापासून आहे याचाच आपल्याला विसर पडतो.

आता जपानी. तिचा अक्षरांचा तक्ता समोर ठेव आणि मोठ्याने वाच: अ, इ, उ, ए, ओ, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. काही ओळखीचे वाटते का? बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् या संस्कृतसाठीच्या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास जपानात पोहोचला आणि संस्कृत वर्णमालेची मांडणी तिथल्या अक्षरांना मिळाली. चवर्गाच्या जागी ‘स’ आणि पवर्गाच्या जागी ‘ह’ का, हा प्रश्न तुला पडेलच; जुन्या जपानीत त्यांचे उच्चार ‘च’ आणि ‘प’ यांच्या जवळचे होते, असे भाषाभ्यासक मानतात. हिरागाना या मूळ जपानी लिपीची ४६ अक्षरे लक्षात राहावीत म्हणून इंग्रजी पुस्तके चित्रविचित्र क्लृप्त्या लढवतात. तू आपला तक्त्याच्या क्रमाने, बाराखडीच्या चालीवर म्हणत जा.

वाक्यरचनेत तर जपानी घरचीच वाटावी. क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. ‘पुणे कारा मुंबई मादे’ म्हणजे पुण्यापासून मुंबईपर्यंत. ‘किनो कात्ता होन’ म्हणजे ‘काल विकत घेतलेले पुस्तक’. शब्दांचा क्रमही तोच. इंग्रजीतून जाणाऱ्याला हे वाक्य उलटे करून पुन्हा सुलटे करावे लागते. म्हणून माझी एकच आग्रहाची सूचना आहे: वहीच्या एका पानावर परभाषेतले वाक्य लिही, समोरच्या पानावर मराठी, आणि त्या वहीत इंग्रजीला जागा देऊ नकोस.

मराठी सगळीकडे कामी येईल असे मात्र नाही. तीन लिंगांची सवय असल्यामुळे जर्मन शिकताना आपण दचकत नाही, पण कोणत्या नामाचे लिंग कोणते हे मराठीवरून ताडायला जाशील तर फसशील. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे, स्पॅनिशमध्ये नेमके उलट. तेव्हा नाम पाठ करायचे ते ‘डेअर’, ‘डी’, ‘डास’ या लिंगदर्शक शब्दांसकट. जपानी कांजींपुढे, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांपुढे तर मराठीची मात्रा अजिबात चालत नाही. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या अधिकृत यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत. त्या रोज थोड्या थोड्या गिरवाव्या लागतात आणि तरीही निम्म्या विसरतात. हौसेच्या माणसाने त्याची खंत करू नये.

तिन्ही भाषा एकदम सुरू करायला माझा विरोध आहे. आधी जपानी घे, कारण लिपीला वेळ तिथेच सर्वांत जास्त लागणार. तिची छोटी वाक्ये न अडता वाचता येऊ लागली की मग स्पॅनिश, आणि जर्मन सर्वांत शेवटी. तिन्ही भाषा सारख्याच याव्यात हा हट्टही नको. स्पॅनिश गप्पांपुरती आली आणि जर्मन केवळ वाचता आली, तरी बिघडले कुठे? परीक्षांचे म्हणशील तर आपल्या वयात प्रमाणपत्र दाखवायचे कोणाला, पण तारीख डोक्यावर असली की अभ्यासाला बसणे होते, हेही खरेच. जपानीची जेएलपीटी ही प्रावीण्य परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात असते, पाच पातळ्यांपैकी एन-५ सर्वांत सोपी, आणि तीत बोलण्याची चाचणी नसते. म्हणूनच बोलायला एखादा सोबती आधीपासून गाठ. नाहीतर पेपर सुटतील आणि तोंड उघडणार नाही.

डिसेंबरच्या परीक्षेचे ठरलेच, तर केंद्र पुणे घे आणि आमच्याकडेच उतर. माझ्याकडची कांजीची जुनी कार्डे पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवतो. त्यांच्या मागचे अर्थ सगळे मराठीतच लिहिलेले आहेत. सौ. वहिनींना नमस्कार.

तुझा स्नेही