मेंदूतली आग शांत करणारा इवलासा रेणू

मा. संपादक,

२०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी मिळालं, आणि माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) आहे म्हणून मी तेव्हापासून हेच वाचत बसलोय. तिला कुर्त्याचं बटण लावताना बोटांना बटण लागतच नाही, कारण शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडतात.

मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा, तो जनुकाच्या निरोपाला चिकटतो आणि त्यातून प्रोटीन बनणं रोखतो. त्यातला मिर-१२४ नावाचा एक मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींना शांत ठेवतो, २०११ मध्ये एमएससारखा आजार असलेल्या उंदरांना तो दिला तर सूज आणि लक्षणं दोन्ही कमी झाली. मिर-१४६ए तर सूज वाढायला लागली की तिच्यामुळेच तयार होतो आणि तिलाच ब्रेक लावतो, हे वाचून मी खरंच थक्क झालो.

हे अजून औषध नाहीये, आणि ते स्पष्ट सांगायलाच हवं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कोणीतरी आम्हाला "नसांवर रामबाण" पाठवतं. तुमच्या रविवार पुरवणीत यावर एक पान द्या ना, बहिणीला मोठ्याने वाचून दाखवेन.

– एक वाचक, सातारा