रसायन ओतून मिथेनॉल थांबत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हातभट्टीवरील छाप्याची बातमी ठरलेल्या साच्यात येते: इतके हजार लिटर रसायन नष्ट, इतकी पिंपे फोडली, इतके आरोपी ताब्यात. सोबत छायाचित्र, ओढ्याकाठी आडवी केलेली पिंपे आणि मातीत मुरणारे काळपट पाणी. ही कारवाई खोटी नसते. चिखल तुडवत, काट्याकुट्यांतून जाऊन ती करावी लागते. पण एका रात्रीत वस्तीतली पन्नास-शंभर माणसे जातात, ती या रसायनामुळे नव्हे. 2004 मध्ये विक्रोळी, 2015 मध्ये मालवणी, 2022 मध्ये गुजरातेतील बोटाद, 2024 मध्ये तमिळनाडूतील कल्लकुरिची, या सगळ्या ठिकाणी माणसे मारणारा पदार्थ कारखान्यात वापरायचे मिथेनॉल हाच होता. एकट्या मालवणीत शंभरावर माणसे गेली. तरीही आपली यंत्रणा यश मोजते ते ओतलेल्या रसायनाच्या लिटरांत.

भट्टीचे रसायन म्हणजे काळा गूळ, पाणी, नवसागर, कुठे मोहाची फुले, कुठे सडकी फळे. दोनशे लिटरच्या पिंपात ते पाच-सात दिवस आंबते, मग चुलीवर चढते, वाफ थंड पाण्यातल्या नळीतून उतरते आणि पहिल्या धारेची दारू हाती येते. ती चांगली असते असे कुणीही म्हणणार नाही. प्रत्येक खेपेला तिची तीव्रता बदलते, जोडाच्या डाखातून शिसे उतरू शकते, आणि रोज पिणाऱ्याचे यकृत तर ती खातेच. पण गूळ आंबताना मिथेनॉल नगण्य तयार होते. ते प्रामुख्याने फळांतल्या पेक्टिनपासून येते, आणि तेही एका बैठकीत गावच्या गाव आडवे पडेल इतके नसते. सामूहिक विषबाधा झाली की समजावे, कुणीतरी बाहेरून पिंप आणले आहे.

ते का आणतात, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. भट्टीला दिवस लागतात, सरपण लागते, जागा लागते, धूर होतो आणि वास लपत नाही. मिथेनॉलला यातले काहीच लागत नाही. दोनशे लिटरचे एक पिंप, त्यात दुप्पट पाणी, की तासाभरात सहाशे लिटर ‘दारू’ तयार. म्हणजे 180 मिलीच्या तीन हजारांहून अधिक पिशव्या. अशा एका पिशवीत साधारण 60 मिली शुद्ध मिथेनॉल असते. दहा मिलीने दृष्टी जाऊ शकते आणि तीस मिलीने माणूस दगावू शकतो. बोटादच्या प्रकरणात गुजरात पोलिसांनी जे सांगितले ते याच वाटेचे होते: अहमदाबादच्या एका गोदामातून सुमारे 600 लिटर मिथेनॉल चोरीला गेले आणि पाणी मिसळून गुत्त्यांवर पोहोचले. तिथे भट्टी नव्हतीच. म्हणूनच केवळ धूर पाहून केलेल्या कारवाईने धोका वाढूही शकतो. भट्ट्या मोडल्या, गिऱ्हाईक तेवढेच राहिले, की विक्रेता बिनधुराच्या मालाकडे वळतो. छापे थांबवा असे माझे म्हणणे नाही. ज्या पट्ट्यात छापे घालाल, त्याच पट्ट्यातल्या मिथेनॉलच्या पिंपांचा हिशेब त्याच आठवड्यात तपासा, एवढेच म्हणणे आहे.

हे आत्ता लिहिण्याचे कारण दरांचे आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले आणि किमान किरकोळ किमती ठरवल्या. 180 मिलीच्या बाटलीला देशी 80 रुपये, धान्यापासून बनणाऱ्या नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला 148, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला 205. दारू महाग झाली की एकूण पिणे घटते, हे जगभरचे अनुभव सांगतात आणि मला ते मान्य आहे. पण खालच्या टोकाला असलेला रोजंदारीवरचा माणूस सोडत नाही, तो उतरतो. देशीवरून पिशवीवर येतो. त्याच निर्णयात राज्य उत्पादन शुल्क विभागासाठी 1223 पदेही मंजूर झाली. ही माणसे नेमकी काय मोजणार, हा माझा प्रश्न आहे.

आज मिथेनॉलवर नजर किती ढिली आहे ते पाहा. पिण्याच्या स्पिरिटला परवाना, वाहतूक पास, टाकीवर कुलूप, घटीचा हिशेब, सगळे असते, कारण त्यात महसूल आहे. मिथेनॉलमध्ये उत्पादन शुल्काचा पैसा नाही, म्हणून त्यावर तेवढी कडक नजर नसते. ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीची, सर्वसाधारण मर्यादा 50 हजार रुपये, राज्यांतर्गत वाहतुकीला महाराष्ट्रात एक लाख. मिथेनॉलचा भाव लिटरला शंभर रुपयांच्या बराच खाली असतो. एक-दोन पिंपांचे बिल त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. आणि माणसे मारायला एक पिंप पुरते.

गळती कुठून होते हेही गूढ नाही. टँकर खाली करताना ‘तूट’ दाखवून काढलेला माल, रंग-थिनरच्या छोट्या कारखान्यांना गरजेपेक्षा जास्त विकलेला माल, औषध कारखान्यांतून बाहेर पडणारे वापरलेले सॉल्व्हंट, आणि तळाशी लिटर-दोन लिटर राहिलेली ‘रिकामी’ पिंपे भंगारात. म्हणून मागण्याही नेमक्या हव्यात. प्रत्येक पिंपावर क्रमांक, खरेदीदाराची नोंद, आलेले वजा वापरलेले वजा शिल्लक असा मासिक ताळा, अर्ध्या टक्क्याहून जास्त तूट दिसली की तपासणी, आणि रिकामे पिंप तीनदा पाण्याने धुऊन, भोक पाडूनच भंगाराला. थिनरसारख्या वापरात शुद्धतेची गरज कमी असते, तिथे जाणाऱ्या मिथेनॉलमध्ये रंग आणि डेनॅटोनियमसारखे जिभेवर न टिकणारे कडू द्रव्य सक्तीने घालता येईल. औषध कारखान्यांना ते चालणार नाही हे उघड आहे, पण चोरीचा माल बहुधा तिथल्या रिअॅक्टरमधून निघत नाही, गोदामातून आणि वाहतुकीतून निघतो.

कायद्याची अडचण आता पुढे करू नये. 1919 चा विषद्रव्य कायदा विषांचा साठा आणि विक्री यांवर नियम करण्याचा अधिकार राज्यांना देतो. शिवाय 23 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलही राज्यसूचीतील ‘मादक मद्य’ या संज्ञेत येते असा निकाल दिला. आरोग्याला घातक गैरवापर होऊ शकतो अशा अल्कोहोलवर राज्याला नियंत्रण ठेवता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे. ‘हा विषय केंद्राचा’ म्हणून हात वर करायला आता जागा उरलेली नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त जवळची आहे. पिंप सुटले, विकले गेले, लोक प्याले. इथून पुढेही बरीच माणसे वाचवता येतात. मिथेनॉल स्वतः फार विषारी नाही. यकृतातले एक एन्झाइम त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, दुसरे त्याचे फॉर्मिक आम्ल. हे आम्ल पेशींचा श्वास रोखते आणि डोळ्याची नस सर्वांत आधी मारते. या सगळ्याला साधारण 12 ते 24 तास लागतात. सोबत साधी दारूही घेतली असेल तर आणखी उशीर. म्हणजे रात्री प्यालेला माणूस सकाळी ठीक असतो, दुपारी पोट दुखते, उलट्या होतात, घरचे म्हणतात उतरली नाही, कुणी उतारा म्हणून त्याच गुत्त्यावरून आणखी आणून देतो. संध्याकाळी तो म्हणतो, डोळ्यांपुढे धुके आले, सगळे पांढरे दिसते. रात्री श्वास खोल आणि भरभर चालू लागतो. तेव्हा रिक्षा शोधली जाते. हातातले चोवीस तास तोवर गेलेले असतात.

ग्रामीण रुग्णालयात हा माणूस पित्त किंवा अन्नविषबाधा म्हणून सलाइनवर झोपवला जाण्याची भीती मोठी असते. रक्तातले मिथेनॉल मोजणारे गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र तालुक्याला मिळणार नाही, पण त्याची वाट पाहण्याची गरजही नाही. दारू प्यालेला रुग्ण, पोटदुखी, धूसर दृष्टी, प्रकाशाला मंद प्रतिसाद देणाऱ्या बाहुल्या, खोल श्वास: एवढ्यावर उपचार सुरू करावेत. रक्तातल्या सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून अॅनायन गॅप, म्हणजे रक्तात आम्ल साचल्याची खूण देणारा फरक, काढता येतो. तो वीसच्या पुढे असेल तर शंका पक्की समजावी. पोट धुण्यात वेळ घालवू नये, मिथेनॉल झपाट्याने शोषले जाते. कोळशाच्या भुकटीला ते चिकटतच नाही.

उतारा दोन प्रकारचा आहे. फोमेपिझोल हे इंजेक्शन पहिल्या एन्झाइमलाच अडवते: किलोला 15 मिलिग्रॅम, मग दर 12 तासांनी किलोला 10. साठ किलोच्या रुग्णाला आधी 900, मग 600 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, पण महाग असल्याने तालुक्याच्या कपाटात सापडत नाही. दुसरा उतारा म्हणजे शुद्ध इथेनॉल, म्हणजेच पिण्याचे अल्कोहोल. तेच एन्झाइम इथेनॉलला कितीतरी पटीने अधिक ओढीने धरते आणि मिथेनॉल तसेच मागे राहून हळूहळू बाहेर पडते. साठ किलोच्या रुग्णाला 42.8 टक्क्यांच्या सीलबंद मद्याचे सुमारे 140 मिली, तेवढेच पाणी घालून, नाकातल्या नळीने द्यायचे, मग दर तासाला साधारण 20 ते 25 मिली. डायलिसिस सुरू असेल तर तासाचा डोस दुपटीच्या आसपास न्यावा लागतो. रक्तातली पातळी डेसिलिटरला 100 ते 150 मिलिग्रॅम राहिली पाहिजे. रक्तातली साखर दर तासाला पाहावी, ती घसरते. शुद्ध हरपत असेल तर श्वासमार्ग आधी सांभाळावा. हे घरी करायचे काम अजिबात नाही. घरी ‘उतारा’ देणारा माणूस बहुतेकदा तेच विष पुन्हा पाजत असतो.

सोबत सोडा बायकार्ब, 7.5 टक्क्यांची 25 मिलीची तीन ते पाच अॅम्प्यूल सुरुवातीला, गरजेप्रमाणे पुढेही, रक्ताचा पीएच 7.3 च्या वर येईपर्यंत. फोलिनिक अॅसिड 50 मिलिग्रॅम दर सहा तासांनी, कारण ते फॉर्मिक आम्ल फोडायला मदत करते. ते कर्करोग विभागात ल्युकोव्होरिन या नावाने असते आणि कुणाला आठवत नाही. दृष्टी गेली असेल किंवा पीएच 7.25 च्या खाली असेल तर डायलिसिस. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली डायलिसिस यंत्रे आहेत, पण ती नियमित रुग्णांनी भरलेली असतात. एका रात्रीत चाळीस माणसे आली तर कुणाला आधी घ्यायचे, कुणाला कुठल्या जिल्ह्यात पाठवायचे, हे त्या रात्री ठरवायला बसू नये.

या सगळ्याआधी माणूस दारात यायला हवा, आणि तो भीतीने येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय पिणे हाच गुन्हा आहे. पोलीस आले की वस्तीतले पिणारे घराला कडी लावून पडून राहतात. अमली पदार्थांच्या कायद्यात 64 अ हे कलम आहे: अल्प प्रमाणात सापडलेला किंवा सेवन करणारा व्यसनी स्वतःहून उपचाराला आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. सुईने नशा करणाऱ्यांना नॅकोचे (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे) कार्यक्रम स्वच्छ सुया आणि हेरॉइनला पर्याय म्हणून ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देतात. शासनाने हे तत्त्व हेरॉइनच्या बाबतीत मान्य केले, मग पिशवीवाल्याच्या बाबतीत का नको? विषारी दारूच्या रुग्णावर आणि त्याला आणणाऱ्यावर पिण्याचा गुन्हा नोंदवला जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद दारूबंदी कायद्यात हवी. पहिला संशयित रुग्ण सापडताच त्या गुत्त्याच्या परिसरात रिक्षावर भोंगा लावून हे सांगायला हवे. ‘काल किंवा परवा इथली प्यालात तर त्रास नसला तरी या, गुन्हा होणार नाही’, एवढी दोन वाक्ये. आशाताईंनी दार ठोठावून विचारले तर दार उघडते, खाकीला उघडत नाही.

काडी लावून निळी ज्योत पाहण्याचा घरगुती उपाय निरुपयोगी आहे. दोन्ही अल्कोहोल निळीच जळतात. पोटॅशियम परमँगनेट आणि क्रोमोट्रॉपिक आम्लाची रंगचाचणी मात्र जांभळा रंग दाखवून मिथेनॉल पकडते. तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागते म्हणून ती प्रशिक्षित माणसाच्याच हाती हवी, पण छापा पथकाच्या गाडीत ती राहू शकते. रसायन ओतण्याआधी आणि पिशव्या जप्त करताना प्रत्येक ठिकाणी नमुना तपासला, तर विष सुटल्याची खबर प्रेतांच्या आधी मिळेल.

गटारीच्या तोंडावर दरवर्षी विशेष मोहीम निघते. या वर्षी ती निघण्याआधी तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे या औद्योगिक पट्ट्यांजवळच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक कुलूपबंद पेटी पोहोचावी: दहा रुग्णांचे पहिल्या दिवसाचे फोमेपिझोल, ते नसेल तर उत्पादन शुल्क विभागाने तपासून सीलबंद दिलेले इथेनॉल, सोडा बायकार्बची शंभर अॅम्प्यूल, ल्युकोव्होरिन, ग्लुकोमीटर, नाकातल्या नळ्या, आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला मराठीतला एक पानी डोसचा तक्ता. आणि विभागाच्या मासिक पत्रकात नष्ट केलेल्या रसायनाच्या आकड्याखाली आणखी एक ओळ छापली जावी: या महिन्यात जिल्ह्यात मिथेनॉलची किती पिंपे आली, आणि त्यांतल्या कितींचा ताळा लागला.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, जि. रायगड