'प्रौढ' म्हणजे नेमकं कोण? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रिका एकदा उलगडून पाहा. लहान मुलांचा डोस वयावर, वजनावर बेतलेला असतो. पुढे बहुतेकदा एकच शब्द : प्रौढ. १८ वर्षांचा खेळाडू आणि ८५ वर्षांची आजी एकाच ओळीत. वृद्धांबद्दल काही असलंच तर 'सावधगिरीने वापरावे'. म्हणजे किती, ते डॉक्टरांनी ओळखायचं!

चाळिशीनंतर बहुतेकांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद उतरत जाते आणि नेहमीच्या तपासणीत ती घट लपते. तपासणीत मोजतात ते क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा कचरा. तो स्नायूंतून तयार होतो. म्हातारपणी स्नायूच आटलेले, त्यामुळे आकडा 'नॉर्मल'. ६० किलोचे दोन पुरुष घ्या, एक ३० वर्षांचा, दुसरा ८० वर्षांचा. दोघांचं क्रिएटिनिन १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून हिशेब करणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने पहिल्याचा क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद, मिनिटाला सुमारे ९२ मिलिलिटर येतो, दुसऱ्याचा ५०. हे सूत्र १९७६ सालचं आहे, नवलाईचं काही नाही. तरीही मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध दोघांना एकाच डोसने दिलं, तर दुसऱ्याच्या रक्तात ते साचणारच.

यकृताचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. त्याचा आकार आणि रक्तपुरवठा घटतो, औषध मोडण्याची एक रीत, ऑक्सिडेशन, मंदावते. दुसरी रीत, म्हणजे औषधाला ग्लुकुरोनाइड नावाचा रेणू जोडून ते बाहेर टाकण्याजोगं करणं, मात्र बरीचशी टिकून राहते. लोराझेपाम आणि डायझेपाम ही झोपेची, चिंतेवरची एकाच कुळातली औषधं. पहिलं दुसऱ्या रीतीने निघतं, म्हणून म्हातारपणीही फारसं रेंगाळत नाही; डायझेपाम पहिल्या रीतीवर अवलंबून, म्हणून रेंगाळतं. शिवाय डायझेपाम चरबीत मुरतं, आणि वयाबरोबर चरबीचं प्रमाण वाढलेलं असतं. विशीत रक्तातलं डायझेपाम निम्मं व्हायला सुमारे २० तास लागतात, ऐंशीच्या घरात ९०च्या आसपास. रोज रात्री एक गोळी म्हटली की हिशेब तुम्हीच करा. मग तोल जातो, विसरायला होतं, घरचे म्हणतात वय झालं, आणि त्या विसरण्यावर आणखी एक गोळी सुरू होते.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. संधिवातावरचं बेनॉक्साप्रोफेन वृद्धांच्या मृत्यूंनंतर १९८२ साली बाजारातून गेलं. वृद्धांच्या शरीरातून त्याचा निचरा फार हळू होत होता. वृद्धांनाही होणाऱ्या आजारावरच्या नव्या औषधाच्या चाचण्यांत निदान १०० वृद्ध रुग्ण असावेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व १९९३ पासून आहे. पण तत्त्व म्हणजे सक्ती नव्हे. ती सक्ती तुम्ही करा. माहितीपत्रिकेत ६५ आणि ७५ वर्षांपुढच्यांचा डोस आकड्यात छापायला लावा. अभ्यास झाला नसेल तर तसं स्पष्ट लिहायला लावा. क्रिएटिनिनच्या प्रत्येक रिपोर्टवर मूत्रपिंडाच्या क्षमतेचा अंदाजही यायला हवा.

सरसकट डोस अर्धा करा, असं माझं म्हणणं नाही. रक्त पातळ करणारं औषध वृद्धांना भीतीपोटी कमी दिलं, तर पक्षाघाताचा धोका उरतोच. पण योग्य डोस ठरल्यावर त्या ताकदीची गोळी मिळायला तरी हवी. आज लोक सुरीने गोळ्या तोडतात, सावकाश विरघळणाऱ्यासुद्धा. तशी गोळी तुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरू शकतं. कमी ताकदीच्या गोळ्या बनवणं कंपन्यांना परवडत नसेल, तर त्यांच्याशी बोलणं हे तुमच्या खात्याचं काम आहे.

कळावे,
एक निवृत्त फार्मासिस्ट