गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी

नागपूर,
मे महिना

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज मी पुन्हा पुन्हा ऐकला. ऐंशीच्या पुढे गेलं तरी तुझ्या ऑटोमॅटिक पिकअपच्या इंजिनचा आवाज खाली येत नाही, कधीकधी ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरचा, दिवा लुकलुकतो, आणि तिकडे कॅनडात बॅन्फच्या डोंगरी रस्त्यावर ट्रेलर लावून चढताना गिअर सारखा खालीवर होतो. तिथला गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण रिबिल्ड करावा लागेल, आणि तुला या आठवड्यात उत्तर द्यायचंय. बेटा, अजून हो म्हणू नकोस. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण तुझ्या बोलण्यात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकू आल्या, आणि तिन्हींचं औषध एक नाही.

मामा इथे नागपूरजवळ वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांमध्ये बसतो, त्याने तुला क्लचप्लेट बदलायला सांगितलं म्हणे. त्याच्या नजरेसमोर नवे एएमटी ट्रक आहेत. त्यांत क्लच आणि गिअर साध्या गाडीसारखेच असतात, फक्त पाय आणि हाताचं काम मशीन करतं. तुझ्या पिकअपमध्ये तसला क्लच नाहीच. तिथे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे, तेलाच्या दाबावर धरणाऱ्या प्लेटा आणि बँड (पट्टे) आहेत, आणि कोणाला कधी दाब द्यायचा हे कॉम्प्युटर सोलेनॉइडकडून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांकडून, करून घेतो. आमच्या उमरेडच्या खाणीतल्या डम्परचं याच जातीचं काम होतं, म्हणून हे मी खात्रीने सांगतो.

आधी ट्रेलरचं. तुझा गिअरबॉक्स चार गिअरचा. तिसरा म्हणजे डायरेक्ट, इंजिनचा एक फेरा तर मागच्या शाफ्टचा एक. चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह, त्याचं प्रमाण अशा पिकअपमध्ये साधारण 0.70 असतं. म्हणजे तिसऱ्यात 2,500 आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) जो वेग मिळतो, तोच चौथ्यात 1,750 च्या आसपास मिळतो. डिझेल-पेट्रोल वाचतं, पण ओढ कमी होते. चढावर, वजन मागे असताना चौथा टिकत नाही, म्हणून तिसरा पडतो, वेग आला की पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. हा बिघाड नाही. तिथे लिव्हरच्या टोकावरचं बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद कर आणि चढ संपला की सुरू कर. बंद न करता रेटत राहिलीस तर प्रत्येक बदलाला प्लेटा घासतात आणि तेल तापतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सगळ्यात मोठा शत्रू ताप आहे.

आता सपाट रस्त्यावरचं. खरा प्रश्न तिथे आहे. 'ओव्हरड्राइव्ह लागत नाही' असं सगळे म्हणतात, पण त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: चौथा गिअर, आणि टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप. लॉक-अप म्हणजे कन्व्हर्टरच्या आतला क्लच धरतो आणि इंजिन व गिअरबॉक्समधली घसर संपते. रिकाम्या, सरळ रस्त्यावर हळूहळू वेग घे आणि आरपीएमचा काटा शेजारी बसलेल्या कोणाला तरी बघायला सांग. काटा तीनदा मोठा पडला पाहिजे, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. त्यानंतर थोड्या वेळाने चौथ्यांदा अगदी लहानसा, दोन-तीनशेचा. तो लॉक-अप. मग वेग स्थिर असताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श कर, ब्रेकचा दिवा लागण्यापुरता. काटा थोडा वर गेला आणि पाय काढल्यावर पुन्हा खाली आला, तर लॉक-अप काम करतोय. मागे गाडी असताना मात्र हे करू नकोस.

काटा तीनदा मोठा पडला आणि चौथ्यांदा लहानसा मात्र पडला नाही, तर तुझा चौथा गिअर शाबूत आहे. मग आतल्या प्लेटांवर पैसे घालण्याचं काहीच कारण नाही.

मला एक जुनी गोष्ट आठवते आहे. जानेवारीत तू म्हणाली होतीस, ट्रकचा हीटर कोमटच वारा देतो. तेव्हा मी लक्ष दिलं ते तुझ्या सर्दीकडे. आता सांगतो, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याची झडप, उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरतं गरम होत नाही, आणि इंजिन थंड आहे असं कॉम्प्युटरला वाटलं की तो लॉक-अप देत नाही. अनेक गाड्यांत ओव्हरड्राइव्हही रोखून धरतो. कॅलगरीच्या थंडीत हे आणखी उघड दिसतं. म्हणून माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर आहे. त्याची किंमत गिअरबॉक्सच्या कामापुढे काहीच नाही. इकडे पारा पंचेचाळिसावर आहे, इथे बसून असल्या थंडीच्या बिघाडाचा विचार करणं अवघडच, पण हीटरची खूण मला पक्की वाटते.

तेल मात्र सगळ्याच्या आधी बघ. गाडी चांगली चालवून आण, सपाट जागी उभी कर, इंजिन चालू ठेव, लिव्हर पार्कमध्ये (काही गाड्यांत न्यूट्रल लागतं, मॅन्युअल बघ), आणि मग गिअरबॉक्सची डिपस्टिक काढ. पांढऱ्या कागदावर थेंब टाक. लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी-काळं आणि जळका वास असेल तर प्लेटा जळल्या आहेत असं समज. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो. जास्त असेल तर फेस होतो आणि दाब तसाच पडतो. भरायचं झालं तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल. 'सगळ्यात चालतं' असं कोणी सांगितलं तरी नाही. मे महिन्यात आमचे भरलेले डम्पर खाणीच्या तळातून वर यायचे, कूलरच्या जाळीत कोळशाची भुकटी घट्ट बसलेली असायची, आणि ड्रायव्हरची तक्रार यायची की गिअर धरत नाही. जाळी धुतली की निम्म्या तक्रारी तिथेच संपायच्या. तुझ्या रेडिएटरच्या पुढचा छोटा ऑईल कूलरही बघून घे, गवत-किडे अडकतात.

दिव्याचं असं, की तो स्थिर लागला तर ओव्हरड्राइव्ह बटणाने बंद आहे. लुकलुकला तर कॉम्प्युटरने काहीतरी चूक पकडली आहे आणि कोड लिहून ठेवला आहे. तुझा ट्रक 2001 चा, स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे हे कोड वाचायचा, सॉकेट असणारच. स्वस्तातला स्कॅनर घे आणि कोड मला जसेच्या तसे पाठव. पी 0740 किंवा 0741 आला तर लॉक-अपची बाजू. पी 0750 किंवा 0755 म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड किंवा त्याची वायर. पी 0500 म्हणजे वेगाचा सेन्सर. पी 0705 म्हणजे लिव्हर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर. पी 0734 आला, तरच चौथा गिअर घसरतोय असं कॉम्प्युटरला दिसलंय, आणि तेव्हाही आधी तेल व वायरिंग तपासायचं.

वायरिंगवर माझा भर आहे, कारण तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात. गिअरबॉक्सच्या बाजूला मोठा कनेक्टर असतो, त्याच्या पिना हिरवट झाल्या की सोलेनॉइड निरोगी असूनही कोड येतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून तो कनेक्टर उघड, क्लीनरने साफ कर. सोलेनॉइडचे ओहम मीटरने मोजून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघता येतात, हे तुझ्या हातचं काम आहे. आणखी एक: बटण स्टिअरिंगच्या लिव्हरमध्ये आहे, लिव्हर दर वेळी हलतं, आतली बारीक वायर घासून तुटते. मग ओव्हरड्राइव्ह आपोआप बंद-चालू होतो. ब्रेक दिव्याचा स्विचही बघ. पेडल सोडल्यावरही मागचे दिवे जळत असतील तर लॉक-अप येणारच नाही.

एवढं सगळं नीट निघालं आणि तरीही चौथा लागताना इंजिन मोकळं धावत असेल, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं. तेव्हा त्याला आधी तेलाचा दाब मोजायला आणि गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उघडायला सांग. त्यातल्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असतोच, त्याला घाबरायचं नाही. चमकते तुकडे किंवा प्लेटांचा काळा भुगा निघाला, तर मी स्वतः सांगेन की उतरव. पण मग टॉर्क कन्व्हर्टरही बदलून घे आणि कूलरच्या नळ्या धुऊन घेतल्याचं तुझ्यासमोर दाखवायला सांग. जुना भुगा नळीत राहिला तर तोच नव्या गिअरबॉक्समध्ये जातो.

तोवर ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून चालव. तिसऱ्यात गाडी व्यवस्थित चालेल, फक्त पेट्रोल जास्त लागेल आणि आवाज राहील. ट्रेलर लावू नकोस, आणि हायवेवर इंजिन फार रेसवर राहील इतका वेग नको.

शनिवारी तुझ्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथे रविवारचे सकाळचे साडेआठ. त्या वेळी फोन कर. तेलाच्या कागदाचा उजेडात काढलेला फोटो, कोड, आणि काटा किती वेळा पडला ते आधी पाठवून ठेव. आईने तुझ्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, ती सोबत आहे.

तुझे,
बाबा