नमुना पास झाला, पण पोटात किती गेलं?

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की आपल्या खात्याची पथकं खवा, तूप, मिठाई तपासतात, शहराच्या नाक्यांवर दुधाचे टँकर थांबवून नमुने घेतात. ते काम गरजेचं आहे. पण हे पत्र भेसळीबद्दल नाही. भेसळीत कुणीतरी मुद्दाम काहीतरी मिसळतं. मी लिहिते आहे ते कुणी न मिसळता अन्नात उतरणाऱ्या गोष्टींबद्दल. मातीतून, सांडपाण्यातून, ओल धरलेल्या गोदामातून, समुद्रातून येणारं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. यांच्या बाबतीत आपण अर्धाच प्रश्न विचारतो: नमुना मर्यादेत आहे का? या शहरातल्या माणसाच्या पोटात आठवड्याला एकूण किती जातं, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे.

हिशेब साधा आहे. पदार्थात रसायन किती आणि माणूस तो पदार्थ किती खातो, यांचा गुणाकार करायचा. सगळ्या पदार्थांच्या अशा आकड्यांची बेरीज करायची आणि माणसाच्या वजनाने भागायचं. पहिला आकडा प्रयोगशाळा देते. दुसरा मात्र घरोघरी जाऊन विचारल्याशिवाय हाती लागत नाही.

माशातल्या मिथाइल पाऱ्याचं, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी रूपाचं बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये त्याची मर्यादा ठरवली, ती खाणाऱ्याच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. आता समजा, एखाद्या माशाच्या किलोभर मांसात ०.२ मिलिग्रॅम मिथाइल पारा आहे. हा मासा आपल्या नियमांत बसतो, नमुना पास होतो. पण ६० किलो वजनाच्या माणसाने आठवड्यात ४८० ग्रॅम खाल्ला की त्याची मर्यादा भरली. २० किलोच्या मुलाची १६० ग्रॅममध्येच भरते. फक्त रविवारी मासे आणणाऱ्या घरात तेवढं होणार नाही. वरळी, माहीम, वेसावे, मढच्या कोळीवाड्यांत दोन्ही वेळच्या ताटात मासळी असते, तिथे काय होतं ते मोजावंच लागेल.

याचा अर्थ मासळी सोडा, असा कृपया कुणी काढू नये. बोंबील, मांदेली यांच्यासारखी लहान मासळी पाऱ्याच्या बाबतीत सहसा हलकी असते, आणि गरिबाच्या ताटात इतकं चांगलं प्रथिन दुसरं क्वचितच येतं. पारा साठतो तो दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत, म्हणजे मुशी-मोरीसारख्या शार्कच्या जातींत. आणि आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून आवर्जून मोरी खायला घालतात. वरची मर्यादा पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली आहे. म्हणजे जिला सगळ्यात जपायचं, तिच्याच ताटात आपण सगळ्यात आधी तपासायला हवा तो मासा वाढतो. ती रोज किती खाते, किती दिवस खाते, गरोदरपणातही खात होती का, हे कुठल्याही नमुन्याच्या अहवालातून कळत नाही. ‘सरासरी मुंबईकर’ काढूनही कळणार नाही. कोळणीचं ताट आणि तिच्या जैन शेजारणीचं ताट एकत्र करून निम्मं केलं, तर तसं जेवणारी बाई मुंबईत शोधूनही सापडायची नाही.

मी आहारशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तरुणपणी लालबाग-परळच्या चाळींतून आहार सर्वेक्षणासाठी फिरले. मापाच्या वाट्या पिशवीत घालून जायचं आणि विचारायचं, “काल सकाळपासून काय काय खाल्लंत?” चहा कुणी सांगत नाही, कारण चहा हे खाणं नव्हेच. चहाबरोबरचे बटर, खारी, मुलाच्या ताटातला संपवलेला घास, हेही सुटतं. हळूहळू खोदून विचारावं लागतं. एका बाईने भाजी किती घेतली याचं उत्तर दिलं, “उरली तेवढी.” ते उत्तर मी कधी विसरले नाही. कारण कुटुंबाने महिन्यात किती किलो काय आणलं, हे सरकारी उपभोग खर्च सर्वेक्षण सांगतं, अगदी २०२२-२३ चंही सांगतं. त्यातलं कुणाच्या ताटात किती पडलं, हे त्यात नसतं. व्यक्तीचं ताट मोजण्याचं काम १९७२ पासून राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो करत होता, मुख्यतः खेड्यांत. २०१५ मध्ये तोही बंद झाला.

दुधाचंही तेच. जनावराच्या पेंडीला बुरशी लागली की तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन जनावराच्या शरीरात बदलून एम-१ या रूपात दुधात येतं, आणि दूध उकळल्याने ते जात नाही. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांतल्या ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मोठं आणि मोलाचं काम होतं ते. पण दिवसातून चार वेळा दूध पिणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाला त्या ५.७ टक्क्यांचा अर्थ काय? त्याचं वजन दहा किलो. तेवढंच दूध पिणाऱ्या साठ किलोच्या बापाच्या मानाने त्याच्यावरचा भार सहापट.

स्वयंपाकाच्या पद्धतीनेही आकडा बदलतो. भात भरपूर पाण्यात शिजवून पेज काढली, तर तांदळातलं बरंचसं आर्सेनिक पेजेबरोबर निघून जातं. कुकरमध्ये पाणी आटवून केला की आतच राहतं. आणि ती पेज घरातल्या म्हाताऱ्याला किंवा आजाऱ्याला दिली, तर ते त्याच्या वाटीत गेलं. तांदूळ एकच, घर एकच, खाणाऱ्यांचे आकडे वेगळे. म्हणून कच्चा तांदूळ तपासून थांबता येत नाही.

अहवालातल्या ‘आढळले नाही’ या शेऱ्याकडेही आपण लक्ष द्यावं. त्याचा अर्थ शून्य असा नसतो. ज्या पातळीखालचं त्या यंत्राला दिसत नाही, त्या पातळीपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र भरड असेल तर रोज थोडं थोडं पोटात जाणारं शिसं त्याला दिसायचंच नाही. शिशाची पूर्वीची साप्ताहिक मर्यादा त्याच तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये मागे घेतली, कारण ती आरोग्य राखते असं म्हणता येईना आणि नवी सुरक्षित मर्यादाही ठरवता येईना.

म्हणून माझी मागणी अशी आहे. मुंबईचा एकूण आहार अभ्यास, ज्याला जगभर ‘टोटल डाएट स्टडी’ म्हणतात, तो आपल्या खात्याने हाती घ्यावा. अमेरिका तो १९६१ पासून करते आहे. अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ अन्नात किती उतरते, या काळजीतून तो सुरू झाला. भाऊच्या धक्क्यावरून, दादरच्या भाजी मंडईतून, गोवंडी-कुर्ल्याच्या गल्ल्यांतून लोक घेतात तसाच बाजार घ्यायचा, लोक धुतात-शिजवतात तसाच शिजवायचा आणि मग तपासायचा. छाप्यांत जमा झालेले नमुने इथे चालणार नाहीत. ते संशयावरून घेतलेले असतात, आणि त्यांवरून रोजच्या ताटाचा अंदाज बांधला तर तो चुकतो. रेल्वेच्या रुळांकडेला सांडपाण्यावर पिकणाऱ्या पालकाच्या भाजीबद्दल या शहरात वर्षानुवर्षं भीती आहे. त्यातून पोटात नेमकं किती जातं हे कळलं, तर ती भीती खरी ठरेल किंवा दूर होईल. दोन्हींचा उपयोग आहे. निकाल मात्र लहान मुलं, गरोदर बायका आणि कोळीवाडे यांचे वेगवेगळे काढावेत आणि मराठीत जाहीर करावेत.

घरोघरी विचारायला गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी आहेत. त्यांना शिकवायला मी विनामोबदला येईन, माझ्या मापाच्या वाट्या अजून जपून ठेवल्या आहेत. फक्त एक विनंती. पाहणी एकदाच आणि श्रावणात करू नये. तेव्हा कोळीवाड्यातही कितीतरी घरांत मासळी शिजत नाही आणि कागदावर शून्य येईल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात सुके बोंबील नि जवळा असतो. सुकवताना पाणी उडून जातं, त्यामुळे धातूंचं ग्रॅममागचं प्रमाण वाढतं. तेव्हा एक फेरी बंदीच्या दिवसांत आणि दुसरी नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रात जायला लागल्या, श्रावण सरला की, अशा दोन तरी कराव्यात.

आपली,
आहारशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
परळ, मुंबई