वाटा मोठ्यांकडून, भुर्दंड लहानांना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्या बड्या ॲप आणि व्हिडिओ कंपन्यांमुळे मोबाईल नेटवर्कवर सर्वाधिक भार पडतो, त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्या गेली काही वर्षे लावून धरत आहेत. वरवर ती रास्त वाटते. परंतु डेटाचे पैसे ग्राहक रिचार्ज करतानाच मोजतो. त्याच डेटासाठी दुसऱ्या टोकाकडूनही वसुली सुरू झाली, तर पैसे भरणाऱ्याला आधी वाट आणि न भरणाऱ्याला मागाहून, हे ओघानेच येईल.

नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक, हा केवळ दिल्ली-मुंबईचा विषय नव्हे. बेळगावच्या वडगाव-शहापुरातील यंत्रमागधारक पूर्वी व्यापारी म्हणेल त्या भावाला साड्या देऊन मोकळे होत. आता घरातली तरुण मुले कोल्हापूर-सांगलीच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर पदर उलटून मागची बाजू, सुटलेले धागे आणि काठाची वीणही दाखवतात, मगच सौदा ठरतो. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी निराळा दर लावण्याची घोषणा एअरटेलने डिसेंबर 2014 मध्ये केली होती. टीकेची झोड उठल्यावर ती मागे घ्यावी लागली. ती टिकली असती, तर हा धंदा उभाच राहिला नसता.

पुढे फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ आणले. त्यात निवडक संकेतस्थळे फुकट होती. बाकीच्यांसाठी डेटा खर्च करणे भाग होते. सीमाभागातील एखाद्या मुलाने मराठीत नवे काही सुरू केले, तर फुकटच्या यादीपुढे त्याच्याकडे कोण फिरकणार? ‘ट्राय’ने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) 8 फेब्रुवारी 2016 रोजी असे भेदभावाचे दर बंद केले आणि उल्लंघनासाठी दिवसाला 50 हजार, कमाल 50 लाख रुपये दंड ठेवला. ठरावीक मजकूर अडवणे वा त्याचा वेग कमी करणे यालाही 2018 पासून परवान्याच्या अटींनुसार मनाई आहे. (हे नियम दूरसंचार कंपन्यांपुरतेच आहेत, शॉपिंग ॲप स्वतःच्या मर्जीतला माल वर दाखवते, त्याला ते लागू नाहीत.)

वाटा मिळाल्यास दुर्गम भागात टॉवर उभारू, असे कंपन्या सांगतात. खानापूर तालुक्यातील जंगलपट्टीत आजही रेंज शोधत फिरावे लागते, हे खरे. परंतु ग्रामीण सेवेसाठीच या कंपन्यांच्या समायोजित (ठरावीक वजावटींनंतरच्या) महसुलातून 5 टक्के आकारणी होते आणि ‘डिजिटल भारत निधी’ त्यातूनच उभा राहतो. त्याचा पैसा आमच्या तालुक्यात कोठे खर्च झाला, हे खासदारांनी आधी जाहीर करावे.

‘ट्राय’ वेळोवेळी जनतेची मते मागवते. 2015 मध्ये दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ईमेल धाडले होते. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या व्यापारी व विणकर संघटनांनीही या वाटा-मागणीवरील हरकती लेखी कळवाव्यात, ही विनंती.

— एक यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव