सूर्य सातला, गर्दी चारलाच वर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरात आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या भटकंतीवर पानभर मजकूर आला होता. कळसूबाईविषयी त्यात सल्ला होता, की मध्यरात्री चढायला लागा आणि शिखरावरून सूर्योदय पाहा. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी मी आणि माझा शाळासोबती दिगू ते कात्रण खिशात घालूनच रात्री पायथ्याच्या बारी गावात उतरलो. त्या रात्रीबद्दल हे पत्र आहे.

आम्ही दोघंही नाशिकचे, साठीला टेकलेले. कळसूबाई आम्हाला नवखी नाही. कॉलेजात असताना एसटीनं घोटी गाठायची, पुढं मिळेल त्या जीपला लटकायचं, दिवसाउजेडी चढायचं आणि दिवेलागणीला खाली, असा आमचा शिरस्ता होता. या खेपेला भाच्यानं एका ग्रुपमध्ये आमची नावं घातली. माणशी पैसे भरले, बदल्यात एक बिल्ला आणि पोह्यांचं आश्वासन मिळालं. पायथ्याशी पाहतो तर बसेसची रांग. आमच्यासारखे आणखी किती ग्रुप होते, देवी जाणे.

रात्री एक वाजता निघालो. बारीपासून माथ्यापर्यंत आठशे-नऊशे मीटरची चढण आहे, आणि चढताना जानेवारीतही घाम फुटतो. लोखंडी शिड्यांपर्यंत दिगूचा सुती सदरा पाठीला चिकटला होता. शिडीखाली मात्र सगळं थांबलं. वर कुणीतरी घाबरून कठडा धरून बसलं होतं म्हणे. एकेका शिडीला वीस-पंचवीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, समोरच्याच्या बुटांवर बॅटरी मारत. मागून ब्लूटूथ स्पीकरवर गाणी चाललेली. साडेचारला माथ्यावर पोहोचलो.

आता हिशेब पाहा. २२ डिसेंबरचा दिवस सगळ्यांत लहान, हे आपण शाळेत शिकलो. पण आपल्याकडे सूर्य सगळ्यांत उशिरा उगवतो तो त्या दिवशी नव्हे, जानेवारीच्या मध्याच्या सुमारास. त्या दिवसांत कळसूबाईवर तो सात वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे दिसतो. म्हणजे साडेचारला वर पोहोचलेल्या माणसानं १६४६ मीटर उंचीवर, महाराष्ट्राच्या सगळ्यांत उंच टोकावर, अडीच तासांहून जास्त वेळ घामेजल्या कपड्यांत बसून राहायचं. माथा एवढासा. त्यातली बरीच जागा देवळानं घेतलेली आणि आडोसा त्या देवळाचाच. त्यामागं आधीच माणसं दाटीवाटीनं बसलेली.

थंडी म्हटलं की आपण निफाडचा पारा सांगतो. पण निफाडला बोचतो तो सखल भागात साचून राहिलेला गारवा, डोंगरावर खरा वैरी वारा. ओला सदरा आणि वारा एकत्र आले की तापमान दहा-बारा अंश असलं तरी अंगातली ऊब भराभर जाते.

दिगू अखंड बडबड्या माणूस. पाचच्या सुमारास तो गप्प झाला. मला वाटलं, पेंगतोय. मग त्याला सॅकमधली शाल काढायला सांगितली, तर त्याला चेन उघडता येईना. बोटं चेनीवरून नुसती घसरत होती. ‘अरे, थंडी वाजतेय का?’ विचारलं तर ‘नाही नाही, बरं वाटतंय’ म्हणाला, पण शब्द जड, दारू प्यायल्यासारखे. शेजारच्या एका भल्या माणसानं खिशातली बाटली पुढं केली, ‘काकांना घोटभर द्या, ऊब येईल.’ मी दिली नाही. दारूनं कातडीकडे रक्त धावतं, वरवर गरम वाटतं आणि आतली ऊब उलट लवकर निघून जाते. ग्रुपचा म्होरक्या शोधला. तो खाली विहिरीपाशी मागच्यांना घेत होता, आणि त्याच्या पेटीत बँडेज आणि वेदनाशामक स्प्रेशिवाय काही नव्हतं.

दिगूला सांभाळलं ते बारीच्याच एका बाईंनी. देवळाच्या कडेला ताडपत्री बांधून त्या चहा विकत होत्या. त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, ‘भाऊ, आधी त्यो वला सदरा काढा. चहा मागून.’ सदरा काढला, माझा कोरडा बनियन घातला, वर त्यांची गोधडी. मग गूळ घातलेला चहा, घोटघोट. आधी थरथर वाढली, मग अर्ध्या तासानं कमी झाली. त्यानं पहिलं स्पष्ट वाक्य बोललं ते माझ्या बनियनच्या वासाबद्दल, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सूर्योदय देखणा होता, नाही कशाला म्हणू? भंडारदऱ्याचं पाणी आधी शिसवी, मग तांबूस झालं. दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एकेक करून अंधारातून वर आले. पण तो सरताच सगळी गर्दी एकदमच उतरायला लागली आणि शिड्यांवर पुन्हा तीच कोंडी.

या डोंगराची एक गोष्ट सांगतात. कळसू नावाची कोळ्याची पोर भांडी घासणार नाही, केर काढणार नाही या अटीवर कामाला राहिली. तरीही ते काम गळ्यात पडलं, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली ती कायमची. त्या सकाळी तिच्या दारात बिस्लेरीच्या बाटल्या नि पोह्यांच्या द्रोणांचा खच होता. तो उचलायला कोण येतं, हे गावात विचारलं तर कळेल.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी हवीच. पण एका रात्री किती माणसं शिडीवर सोडायची, हेही कुणीतरी ठरवावं. बारीतल्या चार तरुणांना रीतसर पगार देऊन शिड्यांवर उभं केलं तरी निम्मं काम होईल.

आपल्याकडे मागणं छोटंच आहे. पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा शेजारी त्या आठवड्याची सूर्योदयाची वेळ छापा. सूर्योदयच पाहायचा असेल तर चढाईला लागणारा वेळ त्यातून वजा करून निघावं, रात्री एक वाजता नव्हे, हे लिहा. सॅकमध्ये कोरडा सदरा ठेवा, हेही. आणि कळसूबाई दिवसाही असते, एवढं जमलंच तर.

पंधरवड्यानं आम्ही दोघं पुन्हा गेलो, बुधवारी, सकाळी सातला चढायला लागलो. शिड्यांवर आमच्याखेरीज पाचच माणसं. वर त्याच बाईंकडे चहा घेतला. त्यांनी दिगूला ओळखलं आणि विचारलं, ‘दुसरा सदरा आणला का, भाऊ?’ त्यानं सॅक उघडून दाखवली. तीन होते.

आपला,
एक वाचक, नाशिक